चुरडा-मुरडा

आमच्या केशोरीत ‘व्हायरस’ आला तो मोबाइलच्या पुष्कळ आधी, आणि आला तो मिरचीवर. पांढरी माशी पानावर बसते, पानं आखडतात, आणि चुरडा-मुरडा झालेलं झाड पाहून मालकाचं तोंडही तसंच होतं. त्यामुळे मोबाइललाही व्हायरस होतो म्हटल्यावर इथला माणूस ‘होतो कसा?’ असं विचारत बसत नाही. ‘फवारायचं काय?’ एवढंच विचारतो.

पण वंशावळ पाहिल्याशिवाय सोयरीक करू नये, तसा रोगही समजून घेऊ नये. या घराण्याचा मूळ पुरुष ‘क्रीपर’. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी तो प्रयोग म्हणून सोडला. या यंत्रावरून त्या यंत्रावर जाऊन ‘पकडता आलं तर पकडा’ अशा अर्थाचा निरोप दाखवायचा, बस्स. लपंडाव खेळणारं पोरच ते! १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ काढला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला. हल्ली लग्नपत्रिकेतसुद्धा इतका प्रामाणिकपणा सापडत नाही.

फोनवर हे घराणं २००४ साली ‘कॅबिर’च्या रूपाने उतरलं. ब्ल्यूटूथवरून जवळच्या फोनमध्ये शिरायचा. पण शिरण्याआधी मालकाची परवानगी विचारायचा. लोक देत. नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचा, मग कंटाळून देत. पुढच्या साऱ्या चोरांनी हे नीट ध्यानात ठेवलं: कुलूप फोडायचं कशाला, मालकच दार उघडतो. २०२५ साली हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. ते उघडलं, आणि सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये खात्यातून गेले. इतका आहेर सख्ख्या मामानेही केला नसेल.

त्या पत्रिकेच्या शेपटीला ‘एपीके’ अशी अक्षरं असतात. म्हणजे ती पत्रिका नव्हेच, फोनमध्ये बसणारं ॲप. बसल्याबरोबर ते संदेश वाचायची परवानगी मागतं; ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो.

हे मी आमच्या शेजाऱ्यांना सांगत होतो, तेव्हा त्यांच्या हातातला मोबाइल आपोआप कुणाकुणाला संदेश पाठवत होता. त्यांनी वाहतुकीच्या दंडाचं ‘चलान’ उघडलं होतं. घरी वाहन म्हणाल तर एक सायकल! खात्यात धानाचे पैसे, आणि त्यातून मुलीच्या वसतिगृहाची फी जायची होती.

“गुरुजी, याचा आजा-पंजा मंग सांगा जी, पयले याले काढा!”

रास्त होतं. आधी विमानाचं चिन्ह दाबून आणि वायफाय बंद करून फोनचं तोंड बंद केलं. मग माझ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवलं आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. हे पहिलं, सफाई नंतर. बंद करण्याच्या खुणेवर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ‘सेफ मोड’ येतो, त्यात बाहेरून आणलेली ॲपं निजून राहतात. ते चलान मात्र निघेना. ‘डिव्हाइस ॲडमिन’ होऊन बसलं होतं, म्हणजे भाडेकरूने सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखं! ते नाव खोडलं, तेव्हा हललं. तरी माझा विश्वास बसेना. त्यांच्या आईचे फोटो तेवढे कार्डावर उतरवून घेतले आणि फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करून पार कोरा केला. बँकेचे पासवर्ड आणि यूपीआयचा पिन नवे केले. अनोळखी ठिकाणची ॲपं बसवायची परवानगी बंद केली आणि अडून राहिलेले अपडेट घेतले.

दोन हजार गेले होते. बाकीचे राहिले, फी भरली गेली.

आता त्यांना कुणाचीही पत्रिका आली की ते ती न उघडता माझ्याकडे घेऊन येतात. परवा सख्ख्या साडूच्या मुलीची आली, तीसुद्धा मीच उघडली. साडू अजून रागावलेले आहेत.