जोखमी हुंडी ते पे-पाल : अनोळखी माणसाला पैसे देण्याचा इतिहास

गोष्ट २००५ सालची आहे. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि आमच्या बाबांची बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची पेटी चिखलात गेली. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे रे, वाजवायला सुया तरी कुठे मिळतात आता!" पण आवाजावरून कळायचं ते कळलं. त्याच आठवड्यात इंटरनेटवरच्या एका लिलावात मला तशाच सहा तबकड्या दिसल्या. मी चढाओढीनं बोली लावली आणि ८५ डॉलरला लिलाव जिंकला. "मनीऑर्डरच पाठवा, कार्ड चालणार नाही," असं विक्रेत्यानं कळवलं. त्याच्या नावापुढे चाळीसेक गिऱ्हाइकांचे चांगले शेरे होते. मी मनीऑर्डर पाठवली. ती वटली, पण तबकड्या काही आल्या नाहीत. पत्रांना उत्तरं नाहीत आणि थोड्या दिवसांनी खातंही बंद!

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "अरे, व्ही.पी.नं का नाही मागवल्यास?"

मला तेव्हा हसू आलं. अमेरिकेत कसली आली व्ही.पी.! पण नंतर विचार करताना लक्षात आलं की बाबांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. लांबच्या, अनोळखी माणसाला पैसे कसे द्यावेत हा प्रश्न इंटरनेटनं निर्माण केलेला नाही. तो व्यापाराइतकाच जुना आहे, आणि त्याचं उत्तरही प्रत्येक काळात जवळजवळ एकच आहे : मध्ये एक तिसरा माणूस हवा.

आपल्याकडचा हुंडीचा व्यवहारच पाहा. पेशवाईत काशीला निघालेला यात्रेकरू कमरेला रोकड बांधून जाण्याऐवजी पुण्याच्या सावकाराकडून हुंडी घेई आणि तिकडच्या पेढीवर ती वटवी. या हुंड्यांचे प्रकार मोठे विचार करून पाडलेले होते. हुंडी दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी आणि ठरावीक मुदतीनं मिळत ती मुदती. 'शहाजोग' हुंडीचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शहा'च्याच हाती ते पडत, आणि पुढे घोटाळा निघाला तर तो शहा जबाबदार राही. आज आपण 'शहाजोगपणा' हा शब्द टोमणा म्हणून वापरतो, पण बाजारात तो शब्द पतीचा होता. आणि सर्वांत नवलाची म्हणजे 'जोखमी' हुंडी. ती पाठवलेल्या मालावर काढलेली असे. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर हुंडीही बुडाली! आजच्या भाषेत सांगायचं तर पैसे चुकते करणं आणि विमा, दोन्ही एकाच कागदावर.

इंग्रजी अमदानीत हा मधला माणूस खाकी कपड्यांत दारात आला. हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं १८७७ साली व्ही.पी.ची, म्हणजे मूल्यदेय टपालाची, पद्धत सुरू केली. पोस्टमननं पार्सल आणायचं, तुम्ही पैसे त्याच्या हातात मोजायचे आणि टपाल खात्यानं ते विक्रेत्याला पोचवायचे. बाबांच्या पिढीनं पुण्या-मुंबईची पुस्तकं गावोगाव अशीच मागवली. अर्थात पद्धत पूर्ण निर्धोक नव्हती. पैसे मोजल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. पार्सल आलं एवढंच पोस्ट सांगे, आत पुस्तक आहे की रद्दी याची हमी पोस्टाची नव्हती.

इकडे अमेरिकेतही गोष्ट फारशी वेगळी नाही. माझ्या हातून गेली ती टपालाची मनीऑर्डर १८६४ सालची, यादवी युद्धातल्या सैनिकांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून काढलेली. पैसे वाटेत हरवू नयेत ही तिची जबाबदारी. पण ते ज्याच्या हाती पोचतात तो लबाड असला, तर बिचारी मनीऑर्डर काय करणार? शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ साली खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी टपालानं माल विकायला सुरुवात केली. न पाहिलेल्या दुकानाला पैसे कोण पाठवणार? तेव्हा १८७५ पासून 'पसंत नसेल तर पैसे परत' ही हमी त्यांनी छापली. त्याच १८७२ साली टपालातून फसवणूक करणं हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरला. आणि १९१३ च्या जानेवारीत इथली पार्सल टपालसेवा सुरू झाली, तर जुलैपासून तिच्यात 'सी.ओ.डी.', म्हणजे आपली व्ही.पी.च, आली. हिंदुस्थानच्या छत्तीस वर्षं मागाहून, हे बाबांना सांगितल्यावर ते भलतेच खूष झाले!

आता इंटरनेटकडे येऊ. १९९५ च्या सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीत, सॅन होजेमध्ये पिएर ओमिड्यार यांनी 'ऑक्शनवेब' सुरू केलं. तेच पुढे ई-बे झालं. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून मोडक्या लेझर पॉइंटरची गोष्ट सांगतात, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. त्या काळात पैसे पाकिटातून जात : चेक, मनीऑर्डर, कधी कार्डाला चिकटवलेली नाणीसुद्धा! मध्ये कुणी नव्हतंच. म्हणून ओमिड्यार यांनी १९९६ साली गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांची सोय केली. ही एक प्रकारची शहाजोग हुंडीच, फक्त शहा कुणा एकाच्या जागी सगळा बाजार. पण त्यात एक खोट होती. छोट्या-छोट्या वस्तू प्रामाणिकपणे विकून पत कमवायची आणि एका मोठ्या व्यवहारात ती वटवून पसार व्हायचं. माझ्या विक्रेत्याच्या चाळीस शेऱ्यांचं रहस्य बहुधा हेच असावं.

तक्रारी इतक्या वाढल्या की २००० साली एफ.बी.आय.च्या सहभागानं इंटरनेटवरच्या फसवणुकीसाठी खास तक्रार केंद्र निघालं, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथे सर्वांत जास्त तक्रारी लिलावांच्याच येत. याच सुमारास पे-पाल पुढे आलं. तुमच्या बँकखात्यात दोन छोट्या रकमा जमा करायच्या आणि त्या किती हे विचारून खातं तुमचंच आहे याची खात्री करायची, ही त्यांची युक्ती आठवते ना? २००२ साली ई-बेनं दीड अब्ज डॉलरला पे-पाल विकत घेतलं. २०१५ साली दोघं वेगळे झाले आणि पुढे ई-बेनं पैशांची व्यवस्था स्वतःकडेच घेतली. चेक आणि मनीऑर्डर तर त्यांनी २००८ च्या शेवटीच बहुतेक व्यवहारांतून हद्दपार केल्या होत्या.

मायदेशीही हेच घडलं. मुंबईत २००० साली सुरू झालेली बाझी डॉट कॉम २००४ साली ई-बेनं घेतली. तिथल्या 'पैसापे' पद्धतीत गिऱ्हाइकाचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता आधी मध्ये थांबत. ते दुकान २०१८ साली बंद झालं, पण कल्पना जुनीच होती, आपली जोखमी हुंडी!

या सगळ्यात सामान्य माणसाच्या कामाचा सर्वांत भक्कम 'शहा' मात्र आपल्या खिशातच होता. १९७४ च्या कायद्यानं क्रेडिट कार्डवाल्याला हक्क दिला की माल आला नाही तर, तो आकार ज्या बिलात प्रथम आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत, कार्ड कंपनीला लेखी कळवून तक्रार करता येते. डेबिट कार्डाच्या कायद्यात न आलेल्या मालासाठी असं संरक्षण नाही.

इतिहासाचा धडा मला एवढाच दिसतो. व्यवहार सुरक्षित करणारी प्रत्येक पद्धत मध्ये एक जबाबदार माणूस उभा करते, आणि प्रत्येक ठग त्या माणसाला बाजूला काढायला बघतो. "साइटच्या बाहेर व्यवहार करू, स्वस्तात देतो." "झेलनं पाठवा." "पे-पालमध्ये मित्र-नातेवाईक असं निवडा म्हणजे फी वाचेल." "गिफ्ट कार्डाचे नंबर सांगा." वाक्यं निरनिराळी, मतलब एकच. झेलनं आपण स्वतः पाठवलेले पैसे रोख दिल्यासारखेच, परत येणं कठीण. मित्र-नातेवाईक म्हणून पाठवलेल्या रकमेला पे-पालचं खरेदीचं संरक्षण नाही. आणि कधी ठग स्वतःच मधला माणूस बनून येतो. गाडी विकणारा एखाद्या 'एस्क्रो' कंपनीचा पत्ता देतो, आणि ती कंपनीही त्याचीच असते! म्हणून मधला माणूस आपण निवडावा, समोरच्यानं सुचवलेला घेऊ नये. भारतातल्या आई-बाबांनाही फोनवर सांगून ठेवा : जुनं कपाट विकताना कुणी "पैसे घेण्यासाठी क्यू.आर. कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही.

माझे ८५ डॉलर काही परत आले नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तीन तबकड्या मिळाल्या. या वेळी पैसे क्रेडिट कार्डानं दिले. कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतून त्या सांगलीला नेल्या. एक वाटेत तडकली, दोन शाबूत पोचल्या. शेजारच्या काकांनी कुठून तरी सुयाही मिळवल्या. तबकडी संपेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्ही.पी.नं मागवल्यास ना?"

मी म्हटलं, "हो बाबा, तसंच काहीसं."