जी. एं.चे माजघर

बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या घरांतून जी. ए. कुलकर्णी यांचे नाव जरा हक्कानेच घेतले जाते. १९२३ चा जन्म, शिक्षण बेळगावात, पुढे धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेलेले उभे आयुष्य. ‘आपला माणूस’ म्हणायला एवढे पुरते. पण त्यांच्या कथा आपण कशा वाचल्या, हे आपण फारसे तपासलेले नाही.

‘निळासावळा’ आला १९५९ साली. तेव्हा रहस्य म्हटले की बाबूराव अर्नाळकर. झुंजार नाहीतर काळापहाड वाचनालयातून आणायचा, रात्रीत संपवायचा, सकाळी परत करायचा. त्यातला गुन्हेगार बहुधा बाहेरचा, आणि शेवटच्या पानावर तो सापडला की घर पुन्हा निर्धास्त. जी. एं.च्या घरगुती कथांत तसे होत नाही. तिथे भय घरात राहते, पाटावर बसून जेवते, आणि ते कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक असते.

‘पिंगळावेळ’मधली ‘कैरी’ घ्या. पोरका मुलगा तानीमावशीच्या घरी येतो. मावशीचा नवरा कसा आहे, ती काय सोसते, हे आपल्याला त्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते. त्याला कळते अर्धे, आपल्याला कळते पुरे. वाचताना जीव टांगणीला लागतो तो या फरकामुळे. पुढे काय होणार, यापेक्षा या पोराला ते केव्हा कळणार, याची धास्ती वाटत राहते. माझ्या आत्याने ही कथा एका दुपारी वाचली. पुस्तक मिटून बराच वेळ बसली आणि म्हणाली, “ह्या मास्तरला आमच्या माजघरातलं कोणी सांगितलं रे?” पुन्हा तिने ते पुस्तक हातात घेतले नाही.

आत्याने जे ओळखले, ते आपल्या बऱ्याचशा जाणत्या वाचकांनी टाळले असे मला वाटते. त्यांनी जी. एं.वर ‘नियतीवादी’ असा शिक्का मारला. पुढच्या रूपकात्मक कथांना तो काहीसा लागूही पडतो. पण तानीमावशीचे हाल नियतीने केले? ते एका माणसाने केले, आणि भोवतालच्यांनी पाहिले. ‘काजळमाया’तल्या ‘प्रदक्षिणा’मध्ये घरातला मोठा माणूस गेलेला आहे, आणि जमलेल्यांच्या मनांतून तो खरा कोण होता ते एकेक पदर सुटत बाहेर येते. तोंडाने मात्र कोणी बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात नांदलेल्या आपल्यासारख्यांना हे गप्प बसणे अनोळखी नाही. नियतीचे नाव घेतले की कोणा काकांचे नाव घ्यावे लागत नाही, एवढीच त्यातली सोय.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा जी. एं.नी तो परत करून टाकला. सभासंमेलनांना ते जात नसत. डोळ्यांवर काळा चष्मा, भेटायला येणाऱ्यांना शक्यतो टाळणे. पण पत्राला उत्तर देत, आणि तेही पानेच्या पाने. त्यांच्या मृत्यूनंतर (१९८७) निवडक पत्रांचेच चार खंड झाले. घरात ज्या गोष्टी मोठ्याने बोलता येत नाहीत, त्या लिहिणाऱ्याला पत्र पाठवणे हीच वाचकाची खरी वाट असावी, आणि त्यांनाही तीच मानवत असावी.

एका वाचकाने मात्र वेगळे उत्तर दिले. अमोल पालेकरांनी ‘कैरी’वर चित्रपट काढला तेव्हा त्यात मुलाऐवजी मुलगी घेतली. मुलगा मोठा झाला की त्या घरातून निघून जाऊ शकतो. मावशीकडे बघत बसलेल्या त्या मुलीला मात्र पुढे एक घर मिळायचेच असते.