मांडीवरची गिटार

गणपतीच्या दिवसांत मंडपात हवाईयन गिटारवर सिनेमाच्या गाण्याची धून वाजली नाही, असं वर्ष आमच्या लहानपणी क्वचितच गेलं असेल. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, आणि तारेवरून घसरत येणारा तो गोड सूर. आम्हाला मात्र ती आरतीनंतरची करमणूक वाटे. शास्त्रीय म्हणजे सतार, सरोद, बासरी!

हा समज मोडला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या रेकॉर्डने. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तिशीच्या आसपासचे. तबल्याला माणिकराव पोपटकर. आणि हा योग जुळवून आणणारे एचएमव्हीचे अधिकारी कोण, तर मराठी भावगीताच्या आरंभकाळातले आपले गायक ग. ना. जोशी! काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत.

संतूर आणि बासरीचं कौतुक पुष्कळ झालं. गिटारचं त्या मानाने कमीच झालं, असं आम्हाला वाटतं. काबरा मूळचे जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. भाऊ दामोदरलाल सरोद वाजवत. यांनी मात्र हवाईयन गिटार धरली, तारा पट्टीपासून उंच करून घेतल्या आणि चिकारीसारखी तार जोडली. सतारीवर तार खेचून घेतलेली मींड चार-पाच सुरांत थांबते. इथे कांडी तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते, गळ्यासारखी. अवघड आहे ते द्रुत लयीत. पडदा नाही, म्हणून प्रत्येक सूर कानानेच नेमका पकडायचा, नाहीतर सगळंच लडबडतं. अमेरिकेत याच वाद्याला पुढे पेडल लागली आणि सूर पायाने बदलायची सोय झाली. काबरांनी सारं हातावरच भागवलं. त्यांची एकल वादनाची ध्वनिमुद्रणं जरूर ऐकावीत. तिथे आलापाला सवड आहे.

काबरा पुढे अहमदाबादला राहिले, २०१८ साली गेले. अहमदाबाद आपल्या बडोद्याहून जेमतेम दोन तासांवर. इतक्या वर्षांत त्यांना आपल्या मंडपात बोलवावं, असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. यंदा पाचव्या दिवशी आरतीनंतर ती रेकॉर्ड लावणार आहोत. तबकडी एका सभासदांनी जपून ठेवली आहे. थोडी खरखरते, पण वाजते.