झी5, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह की नेटफ्लिक्स? दर आठवड्याला कुठे काय मिळतं, ते आधी बघा

आईला रात्रीची मालिका हवी असते, वडिलांना क्रिकेट आणि पोरांना वेब सिरीज. तिघांचं ऐकलं तर घरात तीन-चार ओटीटी अ‍ॅप होतात आणि पैसे प्रत्येकाचे वेगळे जातात. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न जास्त जाणवतो. मोठ्या मल्टिप्लेक्ससाठी अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं, म्हणजे दोन्हीकडे 50-60 किलोमीटर. त्यामुळे नवा सिनेमा बहुतेकदा मोबाईलवरच बघितला जातो, आणि तोही रिचार्जमधल्या डेटावर.

मग कोणतं अ‍ॅप ठेवायचं? त्यासाठी कोणाकडे दर आठवड्याला नवीन काय येतं, हे बघावं लागतं.

रोजची मालिका: चॅनल कोणाचं, अ‍ॅप त्याचं

मराठी मालिका कुठे दिसणार हे चॅनलच्या मालकावर ठरतं.

- झी मराठी: झी5
- स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी: जिओहॉटस्टार
- सोनी मराठी: सोनी लिव्ह
- सन मराठी: सन नेक्स्ट

स्टार आणि कलर्स हे एकेकाळचे स्पर्धक. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांच्या कंपन्यांचं विलीनीकरण पूर्ण झालं आणि 14 फेब्रुवारी 2025 ला जिओसिनेमा व डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार सुरू झालं. दोन चॅनलच्या मालिका एकाच अ‍ॅपवर दिसतात त्या यामुळे.

मालिकांचे आठवड्याला सहा-सात भाग येतात. झी5 वर पैसे भरणाऱ्यांना काही मालिकांचा भाग टीव्हीच्या आधी बघता येतो. पण घरात केबल किंवा डिश असेल आणि मालिका वेळेवर बघितली जात असेल, तर त्याच मालिकेसाठी अ‍ॅपला वेगळे पैसे भरण्यात अर्थ नाही.

खेळ: हंगामापुरता

आयपीएल मोबाईलवर जिओहॉटस्टारवर दिसते. 2023 आणि 2024 मध्ये जिओसिनेमावर ती फुकट होती, 2025 पासून पॅक लागतो. तो अनेक रिचार्जसोबत मिळतो, म्हणून वेगळा घेण्याआधी आपल्या रिचार्जमध्ये काय आहे ते तपासा. कुस्तीची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईची आवड असेल तर एप्रिल 2025 पासून ती सोनीकडून नेटफ्लिक्सकडे गेली आहे. 'रॉ' आपल्याकडे मंगळवारी सकाळी आणि 'स्मॅकडाउन' शनिवारी सकाळी दिसतं.

मराठी सिनेमा आणि सिरीज: अधूनमधून

नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओवर दर आठवड्याला भरपूर नवीन येतं, पण त्यात मराठी थोडं. नेटफ्लिक्सवर 'फायरब्रँड' (2019) आणि 'द डिसायपल' (2021), प्राइमवर 'पिकासो' (2021) अशी चांगली नावं आहेत. मात्र त्यांच्यात बरंच अंतर पडतं. सोनी लिव्हने 2024 मध्ये 'लंपन' आणि 'मानवत मर्डर्स' या दोन मराठी सिरीज दिल्या. त्यातल्या 'लंपन'ला गोव्याच्या इफ्फीमध्ये सर्वोत्कृष्ट वेब सिरीजचा पुरस्कार मिळाला. अशी सिरीज दोन-तीन रात्रींत संपते. तिच्यासाठी वर्षाचा पॅक घेण्यापेक्षा महिन्याचा बरा.

फुकट काय आहे?

अ‍ॅमेझॉन एमएक्स प्लेयर जाहिरातींसह फुकट आहे. स्वप्नील जोशीची 'समांतर' तिथलीच. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' अ‍ॅप आणलं, त्यावर दूरदर्शनची चॅनल बघता येतात.

डेटाचा हिशोब

नेटफ्लिक्सच्या माहितीनुसार मोबाईलवर नेहमीच्या सेटिंगला 1 जीबीमध्ये साधारण 4 तास बघता येतं. टीव्हीवर एचडीमध्ये तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे रोजचा 1.5 जीबी फोनवर 6 तास पुरतो, पण तोच हॉटस्पॉटने टीव्हीला दिला तर अर्ध्या तासात संपू शकतो. आणखी एक गोष्ट: नेटफ्लिक्सचा 149 रुपयांचा मोबाईल प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही. घरात वायफाय नसेल तर एकत्र बसून बघण्याचा बेत महागात पडतो.

मग ठरवायचं कसं?

एक आठवडा घरात कोण कोणतं अ‍ॅप किती वेळा उघडतं ते लिहून ठेवा.

- जवळपास रोज उघडलं जातं: वर्षाचा पॅक परवडतो.
- एखाद्या सिरीजपुरतं उघडलं जातं: महिन्याचा पॅक घ्या, बघून झालं की बंद करा.
- आठवडाभर कोणी उघडलंच नाही: पुढचा हप्ता जाण्याआधी रद्द करा.

फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे पॅक बंद होत नाही. अ‍ॅपच्या खात्यात जाऊन तो रद्द करावा लागतो. पैसे यूपीआयने जात असतील तर तिथलं ऑटोपेही बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा कापले जाऊ शकतात.