डीफ्रॅगचा उदय आणि अस्त

वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क रुळू लागली ती 1983 मध्ये आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी एक्सटी’ या यंत्राबरोबर. तिची क्षमता अवघी 10 मेगाबाइट होती आणि तिच्यावरील जागेचा हिशेब डॉस ही कार्यप्रणाली ‘फॅट’ नावाच्या तक्त्यात ठेवत असे. या पद्धतीत डिस्कचे क्लस्टर नावाचे समान मापाचे कप्पे पाडलेले असत, आणि फाइल लिहिताना सलग जागेचा आग्रह न धरता मोकळा सापडेल तो कप्पा वापरला जाई, त्यामुळे जुन्या फाइली पुसून नव्या लिहिल्या जाऊ लागल्या की एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर पांगत. या विखंडनाची किंमत वाचताना मोजावी लागे, कारण प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारे शीर्ष सरकवावे लागे आणि तबकडी फिरून तो तुकडा त्याखाली येईपर्यंत थांबावे लागे. पुढे मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्क आल्या, तरी केवळ या फिरण्यापायी सरासरी चार मिलिसेकंद जातच राहिले.

दोष खरा होता, म्हणूनच तुकडे पुन्हा सलग मांडणाऱ्या डीफ्रॅग सॉफ्टवेअरचा धंदा उभा राहिला. नॉर्टनचे ‘स्पीड डिस्क’ लोकप्रिय झाले, 1993 च्या डॉस 6 मध्ये सिमँटेककडून घेतलेले डीफ्रॅग आले, आणि विंडोज 2000 मध्ये ‘डिस्कीपर’ची मर्यादित आवृत्ती समाविष्ट झाली. मात्र दोषाचे मूळ बरेचसे तक्त्याच्या रचनेत होते, हे विसरता येत नाही. बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या फाइल प्रणालीने एका फाइलचे भाग शक्यतो जवळजवळ ठेवण्याची सोय 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धातच केली होती.

विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होऊ लागले आणि स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घेण्याचे कारण बहुतांशी संपले. एसएसडीने, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या साधनाने, तर प्रश्नच बदलला: तिच्यात सरकणारे शीर्ष नाही, माहिती प्रत्यक्ष कोठे ठेवायची हे तिचा अंतर्गत नियंत्रक ठरवतो, आणि अनावश्यक पुनर्लेखनाने तिच्या पेशी झिजतात. म्हणून 2009 च्या विंडोज 7 ने एसएसडीवरील नियमित डीफ्रॅग बंद केले आणि पुसलेली जागा मोकळी झाल्याचे साधनाला कळवणारी ‘ट्रिम’ ही आज्ञा वापरात आणली. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सलग मांडणीचा लाभ आजही होतो, पण त्यासाठी विंडोजमधील सोय पुरेशी आहे. एसएसडीसाठी डीफ्रॅग सॉफ्टवेअर विकत घेणे हा निव्वळ अपव्यय होय.