कृष्णविवरांची खानेसुमारी

सोलापुरास १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबेही या शहरात स्थायिक झाली. परंतु एका कुटुंबाच्या हकीकतीवरून शहराचा इतिहास सिद्ध होत नाही. त्यास खानेसुमारी लागते. आकाशातील कृष्णविवरांच्या बाबतीत आज हेच घडत आहे.

प्रचंड ताऱ्याचे इंधन सरले म्हणजे तो स्वभाराने कोसळतो आणि कृष्णविवर उरते. त्यातून प्रकाशही सुटत नाही. मग मोजदाद करावयाची कशी? जड वस्तू परस्परांभोवती फिरू लागल्या की अवकाशात लहरी उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने दाखविले. दोन विवरे एकरूप होतात तेव्हा या गुरुत्वलहरी अतिशय प्रबळ असतात. तथापि पृथ्वीवर पोहोचेतो त्या इतक्या क्षीण होतात की, चार किलोमीटर लांबीच्या नळीत पडणारा फरक प्रोटॉनहूनही कितीतरी लहान असतो.

हा सूर यंत्राच्या गोंगाटातून निवडावा कसा? अपेक्षित सूर गणिताने आधीच बांधून ठेवावेत आणि नोंदींशी एकेक ताडून पाहावेत, ही ती युक्ती. असे किती सूर लागतील, याचा हिशेब पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली मांडला. तोवर एकही लहर कोणास सापडली नव्हती!

अखेर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांना पहिली लहर लागली. सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन विवरे एक झाली होती. क्षकिरणांच्या साह्याने तोवर हुडकलेली आपल्या आकाशगंगेतील विवरे याहून पुष्कळच हलकी होती.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत अशा ९० घटना आल्या, आणि वार्तेचा इतिहास झाला. सूर्याच्या १० पट व ३५ पट वस्तुमानाच्या आसपास विवरांची दाटी दिसते. २१ मे २०१९ च्या लहरीतील एक विवर मात्र सुमारे ८५ पट भरले. एवढे विवर एका ताऱ्यापासून निपजणे कठीण; कारण तशा ताऱ्याचा स्फोटात मागमूसही उरत नाही. तेव्हा ते पूर्वीच्या मीलनाचे अपत्य असावे, असा एक तर्क आहे. वाद मिटलेला नाही. तो अधिक गणतीनेच मिटेल.

त्यासाठीच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील वेधशाळेस भारत सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लहर कोणत्या दिशेने आली, हे दूरदूरच्या यंत्रांची साक्ष जुळल्यानेच नेमके कळते. ती साक्ष देण्याचे काम आता मराठवाड्याच्या भूमीकडे आले आहे.