गोलरक्षकाचे मद्यगृह : आर्थर व्हार्टन आणि व्यावसायिक फुटबॉलचा आरंभकाळ

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २० जुलै १८८५ रोजी खेळाडूला वेतन देण्यास मान्यता दिली, तेव्हा एका जुन्या वास्तवावर कायद्याची मोहोर उमटली. लँकेशरमधील कापडगिरण्यांच्या गावांत स्कॉटिश खेळाडूंना गुपचूप पैसे देऊन आणण्याची रीत त्यापूर्वी किमान सहा-सात वर्षे चालू होती आणि प्रेस्टन नॉर्थ एंडसारखा संघ १८८४ मध्ये याच कारणावरून असोसिएशनच्या चषकस्पर्धेतून बाद झाला होता. मात्र ही मान्यता मनापासून दिलेली नव्हती. व्यावसायिक खेळाडूने, म्हणजे खेळण्याचा मोबदला घेणाऱ्या खेळाडूने, आपले नाव नोंदवले पाहिजे, चषकाच्या सामन्यांसाठी क्लबच्या परिसरातील जन्माची किंवा दोन वर्षांच्या वास्तव्याची अट पाळली पाहिजे आणि असोसिएशनच्या समित्यांवर त्याला बसता येणार नाही, असे निर्बंध त्याच ठरावाबरोबर आले. पाय थकल्यावर या माणसाने पोट कसे भरावे, याविषयी मात्र कोणीच काही ठरवले नाही. त्या प्रश्नाला औद्योगिक गावांनी आपल्यापरीने जे उत्तर शोधले ते मद्यगृहाचे, म्हणजेच पबचे होते. ते उत्तर किती सोयीचे आणि किती घातक होते, हे आर्थर व्हार्टन या गोलरक्षकाच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

मराठी वाचकाच्या मनात 'गुत्ता' या शब्दाबरोबर जी आडबाजूची, तोंड लपवून जाण्याची जागा उभी राहते, तिच्याशी व्हिक्टोरियन काळातील पबची गल्लत करून चालणार नाही. पब ही कामगारवस्तीची चावडी होती. मजुरांच्या परस्पर-साहाय्य मंडळांच्या बैठका तेथे होत, संशयास्पद मृत्यूंच्या चौकश्या तेथे भरत आणि ज्या फुटबॉल क्लबांना स्वतःची वास्तू नव्हती त्यांचे खेळाडू पबच्याच खोल्यांत कपडे बदलत. एव्हर्टनचा संघ १८९२ पर्यंत ॲनफिल्डच्या मैदानावर खेळत असे, तेव्हा त्याचे खेळाडू जवळच्या सँडन हॉटेलातून तयार होऊन बाहेर पडत. ते हॉटेल जॉन हौल्डिंग या बिअर-कारखानदाराचे होते, क्लबच्या कारभारावरही त्याचेच वर्चस्व होते आणि याच हितसंबंधांवरून झालेल्या फुटीतून पुढे लिव्हरपूल क्लब जन्माला आला. १९०२ मध्ये दिवाळखोरीच्या कडेला पोहोचलेल्या न्यूटन हीथला तारून त्याचे मँचेस्टर युनायटेड करणारा जॉन हेन्री डेव्हिस हाही बिअरचाच कारखानदार होता.

खेळाडू आणि पब यांची ही गाठ पडण्यामागे परवाना-पद्धतीचा मोठा हात होता. १८६९ च्या कायद्याने बिअरच्या दुकानांचे परवानेही स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले, मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या दबावामुळे नवा परवाना मिळणे अवघड झाले आणि त्यामुळे अस्तित्वात असलेल्या प्रत्येक पबची किंमत चढू लागली. भांडवल उभारून बलाढ्य झालेल्या बिअर-कंपन्यांनी १८८०-९० च्या दशकांत हे पब धडाक्याने विकत घेतले आणि ते 'बांधील' केले, म्हणजे तेथे फक्त मालक-कंपनीचीच बिअर विकली जाईल अशी अट घातली. अशा पबचा चालक हा नावाचाच यजमान असे. वास्तू कंपनीची, माल कंपनीचा, परवाना मात्र चालकाच्या व्यक्तिगत नावावर, आणि त्याचे नूतनीकरण दरवर्षी. सारखीच बिअर विकणारे तीन-चार पब एकाच रस्त्यावर असत, तेव्हा गिऱ्हाईक कोठे वळेल हे गल्ल्यामागे उभा असलेला माणूस कोण आहे यावर ठरे. गावच्या संघाचा गोलरक्षक स्वतःच्या हाताने पंप ओढून पेला भरून देतो, हे दृश्य कोणत्याही पाटीपेक्षा परिणामकारक होते. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्याला डोक्यावर छप्पर मिळे, बायकोला कामात हातभार लावता येई आणि सामने बंद असणाऱ्या उन्हाळ्यातही चूल पेटती राही. म्हणून पबकडे केवळ निवृत्तीनंतरचा धंदा म्हणून पाहणे अपुरे आहे. अनेकांच्या बाबतीत तो खेळण्याच्या मोबदल्याचाच एक भाग होता, आणि व्हार्टनच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

आर्थर व्हार्टनचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी आजच्या घानामधील, तेव्हाच्या गोल्ड कोस्ट वसाहतीतील, अक्रा शहराच्या जेम्सटाउन भागात झाला. वडील हेन्री व्हार्टन हे ग्रेनेडाचे, अर्धे स्कॉटिश वंशाचे मेथडिस्ट धर्मोपदेशक होते, तर आई ॲनी फ्लॉरेन्स एग्रिबा ही फांटे जमातीच्या राजघराण्याशी संबंधित होती. वडिलांच्याच वाटेने मिशनरी व्हावे या हेतूने तरुण आर्थर १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडला आला आणि प्रथम कॅनॉक येथे व नंतर डार्लिंग्टनच्या क्लीव्हलँड कॉलेजात शिकू लागला. मेथडिस्ट पंथात मद्यत्यागाच्या शिकवणीला मोठे वजन होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धर्मपीठाची तयारी करणारा हा मुलगा दहा वर्षांच्या आत पबच्या गल्ल्यामागे कसा पोहोचला, हा प्रश्न त्याच्या चरित्राच्या केंद्रस्थानी येतो. तो वाहवत गेला म्हणून असे घडले, हे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याच्या अंगी जे असामान्य होते त्याला पैसे देणारे लोक त्या काळी बहुतांशी पबच्या दुनियेतलेच होते.

ते असामान्यपण पहिल्यांदा धावण्यात प्रकट झाले. जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर, चेल्सी क्लबच्या स्थापनेच्या एकोणीस वर्षे आधी, हौशी ॲथलेटिक संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० यार्डांची शर्यत १० सेकंदांत जिंकली. या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत इतकी वेगवान नोंद त्यापूर्वी झालेली नव्हती आणि पुढच्या वर्षी त्याने हे विजेतेपद राखलेही. हौशी धावपटूला चषक आणि मानपत्रे मिळत, त्यांनी घरभाडे भागत नसे. व्यावसायिक शर्यती, ज्यांना तेव्हा 'पेडेस्ट्रियनिझम' म्हणत, पैजांवर चालत. वेगवान धावपटूला काही यार्ड मागून सोडून सर्वांना बरोबरीची संधी देण्याची जी 'हँडिकॅप' पद्धत तेथे होती, तीमुळे सट्ट्याला भरपूर वाव मिळे, आणि ही मैदाने, बक्षिसे व पैजा यांची व्यवस्था बहुधा पबचालकांच्या हाती असे. शेफील्ड हे या शर्यतींचे मोठे केंद्र होते. व्हार्टन १८८८ मध्ये व्यावसायिक धावपटू झाला आणि शेफील्डच्या शर्यतींत उतरला. पबच्या अर्थव्यवस्थेत त्याने प्रवेश केला तो या वाटेने, फुटबॉलची नोकरी धरण्याच्या एक वर्ष आधी.

फुटबॉलमध्ये तो डार्लिंग्टनकडून गोलरक्षण करू लागला होता आणि तेथून प्रेस्टन नॉर्थ एंडने त्याला उचलले. १८८६-८७ च्या हंगामात प्रेस्टन चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून १-३ असे हरले. पुढे १८८८-८९ मध्ये याच संघाने पहिल्यावहिल्या लीगमध्ये एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी चषकही जिंकला, पण तोवर शर्यतींसाठी संघ सोडलेला व्हार्टन त्या यशाचा वाटेकरी राहिला नव्हता. १८८९ मध्ये तो यॉर्कशरमधील रॉदरहॅम टाउनकडे व्यावसायिक म्हणून रुजू झाला. जगातील पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू असे जे त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते ते या करारावर आधारलेले आहे. १८८१ मध्ये स्कॉटलंडचे नेतृत्व करणारा अँड्र्यू वॉटसन त्याच्या आधीचा खरा, परंतु त्याने नाव कमावले ते हौशी खेळाडू म्हणून.

तेव्हाच्या गोलरक्षकाचे काम आजच्याहून फार वेगळे होते. तो इतर खेळाडूंच्याच रंगाचा सदरा घाली, आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळू शके आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीर त्याला खांद्याने धडक देऊन चेंडूसकट गोलात लोटू शकत. अशा खेळात वेग, ताकद आणि निर्भयपणा यांना विशेष मोल होते. व्हार्टन लांब अंतरावर ठोसा मारून चेंडू परतवण्यासाठी प्रसिद्ध होता आणि कधी खांबाशी दबा धरून बसून ऐनवेळी झेप घेई. शेफील्ड वेन्सडेच्या ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावरील एका सामन्यात त्याने उडी मारून आडवा खांब पकडला, लोंबकळत दोन्ही पायांच्या मध्ये चेंडू अडवला आणि धडकायला धावत आलेले तीन आघाडीवीर वेगाच्या भरात जाळ्यात जाऊन पडले, अशी आठवण एका प्रेक्षकाने १९४२ मध्ये वृत्तपत्राला लिहून पाठवली. पाच दशकांहून अधिक काळ फुटबॉल पाहणाऱ्या त्या माणसाला तसा बचाव पुन्हा दिसला नव्हता. ही आठवण इतकी वर्षे टिकली यावरून गल्ल्यामागे असा माणूस उभा असण्याची किंमत काय असेल, याचा अंदाज बांधता येतो.

रॉदरहॅममध्ये व्हार्टनने १८९० साली एमा लिस्टर हिच्याशी विवाह केला आणि 'अल्बर्ट टॅव्हर्न' हे मद्यगृह चालवायला घेतले. या वर्षांत रॉदरहॅम टाउनने मिडलँड लीगचे विजेतेपद लागोपाठ दोनदा मिळवले आणि १८९३ मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश केला, म्हणजे गोलरक्षक आणि पबचालक या दोन्ही नात्यांनी त्याचे नाव एकाच वेळी चढत होते. मात्र या दोन कामांचा मेळ दिसतो तितका सोपा नव्हता. पब पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडा असे. पिंपे तळघरात उतरवणे, पेले धुणे, भांडणे सोडवणे, उधारीची वही सांभाळणे ही कामे रोजची होती. त्याहून अवघड होती ती आग्रहाची रीत. सामना जिंकला की गिऱ्हाईक चालकाला पेला पाजी आणि हरला की सांत्वनासाठी पुन्हा पाजी. नकार देणे म्हणजे गिऱ्हाईक दुखावणे. ज्याची कमाई शरीराच्या तयारीवर अवलंबून आहे, त्या माणसाचा जोडधंदा ती तयारी रोज थोडीथोडी पोखरणारा असावा, ही या व्यवस्थेतली मूळचीच विसंगती होती. तिचे खापर एकट्या खेळाडूच्या स्वभावावर फोडणाऱ्या त्या काळच्या नीतिवादी लेखनाने व्यवस्थेकडे मात्र डोळेझाक केली.

१८९४ मध्ये पहिल्या श्रेणीतील शेफील्ड युनायटेडने त्याला बोलावले आणि या स्थलांतराबरोबर शेफील्डमधील 'स्पोर्ट्समन कॉटेज' या पबचा कारभारही आला. कराराचा भाग म्हणून पब देण्याच्या प्रथेचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. परंतु त्याच वर्षी क्लबने ब्लॅकवेल नावाच्या खाणवस्तीतून विल्यम फोक हा विशीचा धिप्पाड गोलरक्षक आणला होता आणि तोच पुढे इंग्लंडकडून खेळला. एकोणतिशीत आलेल्या व्हार्टनच्या वाट्याला मोजके सामने आले. त्यांतील संडरलंडविरुद्धचा सामना पहिल्या श्रेणीचा असल्यामुळे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च पायरीवर खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची नोंद आहे.

यानंतरचा प्रवास उताराचा आहे. स्टॅलिब्रिज रोव्हर्स, तेथे व्यवस्थापनाशी खटके उडाल्यावर १८९७ मध्ये ॲश्टन नॉर्थ एंड, १८९९ मध्ये तो क्लब बुडाल्यावर पुन्हा स्टॅलिब्रिज आणि शेवटी १९०१-०२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील स्टॉकपोर्ट काउंटी. ॲश्टनमध्ये त्याने तंबाखूचे दुकान काढले होते, पण खेळाडूच्या नावावर चालणारे दुकान संघाबरोबरच वर येते आणि संघाबरोबरच खाली जाते. कारकिर्दीच्या अखेरीस मद्याचे व्यसन त्याला जडले होते. १९०१ मध्ये असोसिएशनने आठवड्याला ४ पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा घातली, तेव्हापासून पब हे मर्यादेबाहेरचा लाभ पोहोचवण्याचे सोयीचे साधन ठरू शकत होते. बिली मेरेडिथसारख्या पुढच्या पिढीतील नामवंताने मँचेस्टरमध्ये हॉटेल चालवलेच, शिवाय १९०७ मध्ये तेथील इंपीरियल हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर खेळाडूंची संघटना उभी केली. व्हार्टनच्या काळी अशी टिकाऊ संघटना नव्हती. आजारपणात किंवा उतारवयात मागे उभे राहील असे त्याच्यापाशी काही नव्हते; जो परवाना होता तोही दर वर्षी नव्याने मागावा लागे.

खेळ सुटल्यावर तो डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टन येथील यॉर्कशर मेन या कोळसाखाणीत 'हॉलेज' कामगार झाला, म्हणजे खोदलेल्या कोळशाने भरलेले डबे भुयारातल्या रुळांवरून ने-आण करण्याचे काम करू लागला. १०० यार्ड १० सेकंदांत कापणाऱ्या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे जमिनीखाली डबे ढकलण्यात काढली. डिसेंबर १९३० मध्ये त्याचे निधन झाले आणि एडलिंग्टनच्या दफनभूमीत त्याला पुरले, तेव्हा थडग्यावर नावाचा दगड नव्हता. त्याच्या विस्मरणाचे कारण वर्णभेदात शोधले जाते आणि ते योग्यच आहे. पण केवळ तेवढेच कारण मानले तर गोऱ्या सहकाऱ्यांपैकीही कितीजण असेच गल्ल्याकडून खाणीकडे गेले, ही गोष्ट नजरेआड होते. वर्ण आणि वर्ग ही दोन्ही ओझी त्याच्या खांद्यावर एकाच वेळी होती. फिल व्हासिली या इतिहासकाराने त्याचे चरित्र जुन्या कागदपत्रांतून पुन्हा जुळवले आणि शेफील्डमधील एका वर्णभेदविरोधी संघटनेच्या प्रयत्नांतून १९९७ मध्ये थडग्यावर दगड बसला. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानवंदना-सूचीत त्याचे नाव आले. २०१४ मध्ये राष्ट्रीय संघाच्या सेंट जॉर्जेस पार्क या केंद्रात त्याचा पुतळा उभारण्यात आला, तो गोलरक्षकाचा आहे : हात वर ताणलेला आणि चेंडू आडव्या खांबावरून बाहेर ढकललेला.